फुकटाची देखभाल

मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडला एखाद्याच्या मोबाइलवर पीकविम्याचा संदेश येतो. त्यात 'शेतकऱ्यांनी' असतंच. त्यातल्या 'य'ला डावीकडून बिलगलेली 'र'ची वाकडी रेघ पाहा. ती आपोआप उमटत नाही. कोणत्या अक्षराला कोणतं अक्षर भिडलं की काय आकार काढायचा, हे फॉन्टमध्ये कुणीतरी एकेक करून लिहिलेलं असतं.

'लोहित' हा असाच फॉन्ट. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेला, रेड हॅट कंपनीने 2004 मध्ये सगळ्यांना खुला केलेला. वापरा, उघडा, दुरुस्त करा, पैसे नाहीत! आपल्याला फुकट, पण त्यामागची माणसं पगारी होती.

खुलं सॉफ्टवेअर म्हणजे सेवा, तिथे मोबदला कशाला, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. बहुधा त्यांना स्वतःला दर महिन्याला पगार असतो. लिनस टोरवाल्ड्सने 1991 मध्ये संगणक चालवणारं लिनक्स हे सॉफ्टवेअर हौसेनेच सुरू केलं, खरं आहे. आज आपला अँड्रॉइड फोन त्यावरच चालतो, आणि त्यातलं बहुतेक काम कंपन्यांचे पगारी अभियंते करतात. बंधारा श्रमदानातून उभा राहतो; दरसाल गाळ काढायला कोण येतं?

ओपनएसएसएलचं तेच झालं. इंटरनेटवरचे बँकेचे व्यवहार गुप्त ठेवणारी ही प्रणाली निम्मं जग वापरत होतं, आणि देणग्या जमत वर्षाला जेमतेम 2000 डॉलर. पूर्णवेळ माणूस एक. 2014 मध्ये 'हार्टब्लीड' नावाचं भगदाड उघडकीला आलं, तेव्हा कुठे मोठ्या कंपन्यांनी खिशात हात घातला. फाइली लहान करणारं 'एक्सझेड' हे खुलं सॉफ्टवेअर एकटाच सांभाळणारा माणूस थकला होता. मदतीला आलेल्याने 2024 मध्ये त्यात गुपचूप चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकलं, म्हणून निभावलं.

नवं लिहिण्याची हौस ज्याची त्याने भागवावी. देखभालीचे पैसे मात्र द्यायलाच हवेत, आणि तेही संदेश वाचणाऱ्या शेतकऱ्याने नव्हे, तर त्या सॉफ्टवेअरवर धंदा किंवा कारभार चालवणाऱ्यांनी. पैसे देणारा उद्या हुकूमही सोडेल, ही धास्ती खोटी नाही. म्हणून देणारे अनेक असावेत. शेअर दलाली करणाऱ्या झिरोधाने 2024 मध्ये खुल्या सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. एका कंपनीने सुरुवात केली, बाकीच्यांचं काय? आणि सरकारचं? कचेरीतल्या प्रिंटरचं वार्षिक देखभाल कंत्राट निघतं. तसाच एक खर्च त्याच कचेरीतल्या खुल्या सॉफ्टवेअरच्या नावे अंदाजपत्रकात टाकायला नवा कायदा लागत नाही.