जे उरलं आहे, त्यातून
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू पस्तीस वर्षं सर्जरी केलीस, तुझ्या अनुभवांवर दहा मिनिटं बोल." मी म्हटलं, माझ्यावर नको. ज्यांच्याकडे पाहून हा व्यवसाय कसा करायचा ते कळलं, त्यांच्यावर बोलतो. त्यांचं नाव डॉ. पॉल ब्रँड. मी त्यांना कधी भेटलो नाही. १९६६ साली ते भारत सोडून अमेरिकेला गेले, तेव्हा आपण पाटीवर गमभन गिरवत होतो. त्यांच्या पद्धती आमच्या शिक्षकांकडून आमच्यापर्यंत आल्या, आणि त्यांची पुस्तकं मी आजही काढून वाचतो.

ब्रँड जन्मले आपल्याच देशात, १९१४ साली, तमिळनाडूतल्या कोल्ली मलईच्या डोंगरात. आईवडील इंग्रज मिशनरी. नऊ वर्षांचा असताना मुलाला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं. १९२९ मध्ये तार आली की वडील तापानं गेले. तार आल्यानंतरही वडिलांनी आधी टाकलेली पत्रं बोटीनं येतच राहिली. त्या मुलाचं काय झालं असेल, याची कल्पना इथल्या वसतिगृहात राहिलेल्या मंडळींना जास्त येईल.

पुढे हा मुलगा थेट डॉक्टरीकडे गेला नाही. आधी काही वर्षं सुतारकाम, गवंडीकाम शिकला. मग लंडनला वैद्यकीय शिक्षण, आणि बाँबवर्षावाच्या काळात सर्जरी. वर्गातल्याच मार्गारेटशी लग्न झालं आणि १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकवायला आले.

चेंगलपट्टूला कुष्ठरोग्यांचं मोठं रुग्णालय होतं. तिथले तज्ज्ञ डॉ. रॉबर्ट कॉक्रेन त्यांना ते दाखवायला घेऊन गेले. बोटं आखडून पंजा झालेले हात पाहून ब्रँड थांबले. त्यांनी एका रुग्णाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, दाब. त्यानं असा दाबला की ब्रँड कळवळले. त्या माणसाला मात्र आपण समोरच्याला दुखावतोय हे कळतच नव्हतं. त्या क्षणी ब्रँडना दोन गोष्टी उमगल्या. एक, हाताची संवेदना गेली आहे. दोन, हात मेलेला नाही, त्यात भरपूर ताकद शिल्लक आहे.

आपलं कोपर दाराला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना, ती नस कुष्ठरोगात खराब होते. तळहातातले बारीक स्नायू लुळे पडतात आणि बोटं आखडतात. पण कोपराखालचे मोठे स्नायू बहुतेक वेळा शाबूत असतात. प्रत्येक बोट वाकवायला अशा स्नायूंच्या दोन दोऱ्या येतात, त्यांना आम्ही टेंडन म्हणतो. ब्रँडनी एका बोटाची एक दोरी काढली, तिचे चार भाग केले आणि चारही बोटांना जोडले. एका बोटाचं काम एका दोरीवर भागतं, उरलेली दुसऱ्यांच्या उपयोगी पडते. मग महिनोन्‌महिने व्यायाम, कारण मेंदूला नवी दोरी ओढायला शिकवावं लागतं. माणूस पुन्हा हातानं भात कालवून खायला लागतो.

त्या काळी साध्या रुग्णालयात कुष्ठरोग्याला खाट मिळणं कठीण होतं. लोक म्हणत, यांचं मांस सडतं, बोटं झडतात. आपल्याही लहानपणी हेच कानावर यायचं. ब्रँडनी एकेका जखमेचा माग काढला. एकदा गंजलेलं कुलूप त्यांच्यानं उघडेना. एका दहा वर्षांच्या मुलानं किल्ली फिरवून ते सहज उघडलं, आणि पाहतात तर त्याचं बोट हाडापर्यंत कापलेलं. त्याला पत्ताच नाही. काहींची बोटं रात्रीत कमी होत. जागून पाहिलं तेव्हा कळलं की झोपेत उंदीर कुरतडतात. त्यानंतर रुग्ण घरी जाताना बरोबर मांजर न्यायचा, असा नियम झाला! बोटं रोगानं झडत नव्हती. दुखत नाही म्हणून माणूस ती सांभाळत नव्हता.

हात बरे झालेले काही जण परत येऊन तक्रार करू लागले, "डॉक्टर, या हातांना भीक मिळत नाही." आणि कामही कुणी देईना. ब्रँडनी ती तक्रार गंभीरपणे घेतली. आवारात झोपड्या बांधून 'नव जीवन निलयम्' सुरू केलं, आणि तरुणपणी शिकलेलं सुतारकाम तिथे रुग्णांना शिकवलं. शिकलेलं काही वाया जात नाही, असं आपले हस्तव्यवसायाचे सर सांगायचे. तेव्हा आपण हसायचो.

गुरू म्हणून ते कसे होते, हे डॉ. मेरी वर्गीस यांच्या गोष्टीवरून कळतं. वेल्लोरची ही तरुण डॉक्टर. १९५४ साली गाडीच्या अपघातात पाठीचा कणा दुखावला आणि दोन्ही पाय कायमचे गेले. ब्रँडनी तिला सुचवलं की हाताची शस्त्रक्रिया सर्जन बसूनच करतो, तुझे हात शाबूत आहेत. ती चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागली. पुढे वेल्लोरच्या पुनर्वसन केंद्राची प्रमुख झाली. १९७२ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. या सभागृहात शिक्षक बसले आहेत, त्यांना मी वेगळं काय सांगू?

आपल्याकडेही मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरोग्यांच्या विद्रूप झालेल्या अवयवांवर अशाच जिद्दीनं काम केलं.

आता घरचं. डॉ. मार्गारेट ब्रँड सहा मुलांची आई. डोळ्यांच्या विभागात माणूस हवा होता. आपल्याला त्यातलं फारसं येत नाही असं त्या सांगत होत्या, तरी कामाला लागल्या आणि कुष्ठरोग्यांच्या डोळ्यांच्या मोठ्या तज्ज्ञ झाल्या. या रोगात पापणी मिटत नाही, डोळा कोरडा पडतो आणि दृष्टी जाते. त्यावर एक शस्त्रक्रिया आहे. चावण्याच्या स्नायूचा एक पट्टा पापणीला जोडतात. घास चावला की डोळा मिटतो.

आणि ब्रँडची आई, एव्हलिन. निवृत्तीचं वय झालं म्हणून मिशननं थांबायला सांगितलं, तर ही बाई स्वतःच्या जबाबदारीवर पुन्हा डोंगरात गेली. म्हातारपणी पडली, हाडं मोडली. मुलगा सर्जन, तो विनवतोय, आई, आता खाली ये. ती आली नाही. दोन काठ्या टेकत वाड्यावस्त्यांवर फिरत राहिली आणि १९७४ साली पंचाण्णवाव्या वर्षी गेली. नामांकित सर्जनचंही घरी चालत नाही, हे ऐकून मला नेहमी बरं वाटतं.

ब्रँडचं आयुष्य मला एका वाक्यात सांगायचं तर, हा माणूस गेलं त्याचा हिशोब ठेवून शिल्लक काय आहे ते शोधायचा आणि त्यातून काम चालू करायचा. हातात, पापणीत, शिष्येत, सगळीकडे तेच.

हे मी आजच का सांगतोय? मघाशी चहाच्या वेळी बिनसाखरेची किटली आधी संपली, म्हणून. मधुमेह बरीच वर्षं राहिला की पायांची संवेदना हळूहळू जाते. कुष्ठरोग्याच्या तळव्याचं जे होतं, तेच आपल्या तळव्याचं होतं. ब्रँडनी अशा पायांसाठी मऊ रबराच्या वहाणा करवून घेतल्या, जखमेवर पूर्ण प्लास्टर घालून भार वाटून देण्याची पद्धत रुजवली, आणि अमेरिकेत तीच विद्या मधुमेहाच्या रुग्णांसाठी वापरली. आज जगभर ती वापरतात.

आपल्या वर्गातला एक जण आज इथे नाही. त्याच्या परवानगीनं सांगतो. बुटात वर आलेला खिळा तीन दिवस तळव्यात रुतत होता, त्याला कळलं नाही. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. आता कृत्रिम पाय लावून तो दुकानात बसतो, हिशोब पूर्वीसारखाच चोख. त्यानं निरोप दिलाय, "बाकीच्यांचे पाय बघ म्हणावं."

एकदा प्रवासाहून आल्यावर ब्रँडना स्वतःची टाच बधिर वाटली. आपल्यालाही हा रोग झाला, या भीतीत रात्र काढली. सकाळी सुई टोचून पाहिली आणि दुखलं! त्या दुखण्याचा त्यांना केवढा आनंद झाला. वेदना ही देणगी आहे, असं ते जन्मभर सांगत राहिले. ज्यांची ती देणगी कमी झाली आहे, त्यांच्याकडे डोळे शिल्लक आहेत. म्हणून रोज रात्री तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा धरा, किंवा नवऱ्याचे बायकोनं आणि बायकोचे नवऱ्यानं बघावेत. चप्पल-बूट घालण्याआधी आत हात फिरवा. देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नका, देव रागावणार नाही. पाय गरम पाण्यात घालण्याआधी पाणी कोपरानं बघा. कुरुपं घरी ब्लेडनं कापू नका. तळव्यावर लाल डाग, फोड किंवा चीर दिसली तर दुखण्याची वाट न बघता डॉक्टरकडे जा.

ब्रँड २००३ साली गेले. त्यांचं काम मात्र आज रात्री आपल्या प्रत्येकाच्या घरी पाच मिनिटं चालू राहू शकतं. तेवढं करा.