पोरगी मैदान का सोडते?

आज आपण खेळाबद्दल बोलणार आहोत. "आता या वयात आपल्याला खेळ कशाला?" असं कुणी म्हणेल. पण हे बोलणं आपल्यापेक्षा आपल्या लेकी-नातींसाठी आहे.

आपल्या कुही-मांढळकडच्या गावांत लहानपणी काय खेळायचो, आठवून पाहा. बिल्लस, लंगडी, खो-खो, हुतूतू अन् भुलाबाईच्या दिवसांत फुगड्या. अंगण असलं की झालं. मग २५ जून १९८३ ला कपिल देवच्या संघानं वेस्ट इंडिजला हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. पुढे टीव्ही गावोगाव पोचला अन् पोरांच्या हाती बॅट आली. हुतूतू मागं पडला. तो परत आला तोही टीव्हीमुळेच. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली अन् मातीतला खेळ मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात दिसू लागला.

म्हणजे जो खेळ लोकांना दिसतो, तो वाढतो. बायांचा खेळ मात्र कित्येक वर्षं कुणाला दिसतच नव्हता. क्रिकेटचा पहिला विश्वचषक बायांचा झाला, १९७३ साली. पुरुषांचा त्यानंतर दोन वर्षांनी, १९७५ ला. हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे?

आपल्या मुली २००५ मध्ये अंतिम सामन्यात हरल्या. २०१७ मध्ये पुन्हा हरल्या, फक्त ९ धावांनी. पण त्या सामन्यानं देशभर लोक टीव्हीपुढं बसले. २०२२ मध्ये क्रिकेट मंडळानं बायांना पुरुषांइतकीच सामन्याची फी जाहीर केली. अन् मग आलं २०२५. नवी मुंबईत उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियानं ३३९ धावांचं लक्ष्य दिलं होतं. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जनं नाबाद १२७ धावा काढून ते पार केलं. २ नोव्हेंबरला त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून आपण विश्वचषक घेतला. संघाची उपकर्णधार होती सांगलीत वाढलेली स्मृती मानधना.

त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे कर्णधार होती. मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. ज्या खेळात आपण पाठीवर थाप मारून "खो" द्यायचो, तोच हा खेळ!

अन् आपल्या नागपूरची दिव्या देशमुख! जुलै २०२५ मध्ये, १९ व्या वर्षी, तिनं जॉर्जिया देशात बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. अंतिम लढत होती कोनेरू हम्पीशी. हम्पी ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. एकीनं वाट पाडली, दुसरी त्या वाटेनं पुढं गेली.

आता आपल्या घरात पाहू. पोरगी चौथी-पाचवीपर्यंत धावते, झाडावर चढते. सातवी-आठवीत गेली की मैदान सुटतं. कारणं आपल्याला ठाऊक आहेत. आई मिरचीच्या सातऱ्यावरून संध्याकाळी येते, तोवर पाणी भरणं अन् सैपाक पोरीकडं. पाळी सुरू झाली की "आता उड्या मारू नको" असं आपणच सांगतो. मैदानाजवळ संडास नसतो. अन् "लोक काय म्हणतील" हे तर आहेच. भाऊ मात्र अंधार पडेपर्यंत बॅट घेऊन बाहेर.

पाळीत दुखत असेल तर पोरीनं बसावं, बरं वाटत असेल तर खुशाल खेळावं. खेळल्यानं काही बिघडत नाही. हे सांगणं आपलंच काम आहे.

म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा. पहिली, शाळेतून आल्यावर पोरीला रोज एक तास खेळायला मोकळा. त्या वेळची कामं भावानं वाटून घ्यायची. दुसरी, येत्या ग्रामसभेत मैदान अन् त्याजवळ संडास हा विषय गटातर्फे लेखी द्यायचा. खो-खोला तरी दोन खांब अन् सपाट जागाच लागते. तिसरी, गटानं मिळून एक बुद्धिबळाचा पट घ्यायचा. पावसाळ्यात घरात बसूनही तो खेळता येतो.

प्रत्येक पोरगी विश्वचषक आणणार नाही. पण दम लागेपर्यंत धावलेली, हरून पुन्हा उभी राहिलेली पोरगी पुढं नवऱ्याच्या घरी असो की ग्रामसभेत, आपलं म्हणणं मांडायला बिचकणार नाही. तो तास तिला द्या, बायांनो.