सोळा वर्षांची वाट

२ जुलै १९५४ रोजी विंबल्डनच्या मध्यवर्ती क्रीडांगणावर पुरुषांच्या एकेरीचा अंतिम सामना झाला. जाळ्याच्या एका बाजूला बत्तीस वर्षांचा, किंचित स्थूलपणाकडे झुकलेला, रंगीत काचांचा चष्मा लावणारा डावखुरा जारोस्लाव ड्रोब्नी. दुसऱ्या बाजूला एकोणीस वर्षांचा, अंगाने लहानखुरा ऑस्ट्रेलियन केन रोझवॉल. एकाच्या मागे पराभवांची मोठी मालिका होती, तर दुसऱ्याच्या पुढे सारे आयुष्य पडले होते. हा मुलगा आज ना उद्या विंबल्डन जिंकणारच याविषयी जाणत्यांच्या मनात शंका नव्हती. ड्रोब्नीविषयी तितकी खात्री बाळगणारे त्या दिवशी फारसे कोणी नसावेत, कारण त्याला मानांकन मिळाले होते ते अकरावे.

ड्रोब्नी हा मूळचा प्रागचा. त्याचे वडील तेथील एका टेनिस क्लबच्या मैदानाची निगा राखण्याचे काम करीत. साहजिकच बापाने आखलेल्या मैदानावर चेंडू वेचून देता देता मुलगा खेळाडू झाला. १९३८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो प्रथम विंबल्डनला आला. पुढच्याच वर्षी तो पुन्हा आला, तेव्हा त्याच्या देशाचे नावच नकाशावरून पुसले गेले होते. जर्मनांनी झेकोस्लोव्हाकिया गिळंकृत केला होता आणि स्पर्धेच्या यादीत त्याच्या नावापुढे ‘बोहेमिया-मोराव्हिया’ असे लिहावे लागले. नंतर महायुद्ध आले. सहा वर्षे विंबल्डन बंद राहिले. १९४० च्या ऑक्टोबरात मध्यवर्ती क्रीडांगणावर बॉम्बही पडला आणि प्रेक्षकांच्या बैठकींचा एक भाग उद्ध्वस्त झाला. खेळाडूच्या आयुष्यातील सतरा ते तेवीस ही वर्षे म्हणजे पिकाच्या ऐन भरातील दिवस; ते कोणाच्याच हाती परत येत नाहीत.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये त्याने अमेरिकेच्या जॅक क्रेमरला हरवून विंबल्डनची उपांत्य फेरी गाठली. त्याच वर्षी पॅरिसच्या अंतिम सामन्यात तो पहिले दोन सेट जिंकून मार्सेल बर्नार्डकडून हरला. हिवाळ्यात हा गृहस्थ आइस हॉकी खेळत असे, आणि तीही साधीसुधी नव्हे. १९४७ साली जगज्जेत्या ठरलेल्या आणि १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविणाऱ्या झेक संघाचा तो खेळाडू होता. मात्र या खेळाने त्याच्या डोळ्याला इजा केली. तो रंगीत काचांचा चष्मा ही त्याचीच खूण.

१९४९ मध्ये तो विंबल्डनच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि टेड श्रोडरकडून पाचव्या सेटमध्ये पराभूत झाला. त्यानंतर काही दिवसांतच स्वित्झर्लंडमधील ग्स्टाड येथील स्पर्धेत जर्मन व स्पॅनिश खेळाडू आहेत, सबब तिच्यातून माघार घ्यावी, असा हुकूम प्रागहून आला. ड्रोब्नी आणि त्याचा सहकारी व्लादिमीर चेर्निक यांनी तो मानला नाही. हुकूम मोडणे एका क्षणाचे काम होते. त्याची किंमत मात्र पुढची वर्षानुवर्षे मोजावयाची होती. मायदेश सुटला, घर सुटले, बरोबर होते ते प्रवासाचे जुजबी सामान. निर्वासिताला पारपत्र देण्यास फारसे कोणी राजी नसते. अखेर इजिप्तने त्याला नागरिकत्व दिले आणि नाईल नदीशी जन्मतः काडीचाही संबंध नसलेला हा मनुष्य इजिप्तच्या नावाने खेळू लागला. पुढे, १९५९ पासून, तो इंग्लंडचा खेळाडू झाला. एकाच माणसाने विंबल्डनला चार वेगवेगळ्या नावांच्या प्रदेशांतर्फे खेळावे, हा विसाव्या शतकातील युरोपच्या इतिहासावरचा एक बोलका शेराच म्हणावा लागेल.

पॅरिसचे अजिंक्यपद त्याला १९५१ आणि १९५२ मध्ये मिळाले. तेथेही त्यापूर्वी तो तीन अंतिम सामने हरला होता. विंबल्डन मात्र हुलकावणी देत राहिले. १९५२ चा अंतिम सामना फ्रँक सेजमनने चार सेटमध्ये जिंकला. १९५३ मध्ये तिसऱ्या फेरीत त्याची गाठ बज पॅटीशी पडली. ८-६, १६-१८, ३-६, ८-६, १२-१० असा तो सामना झाला. एकूण त्र्याण्णव गेम्स आणि सुमारे सव्वाचार तास! सामना जिंकण्यास एकच गुण हवा, अशी वेळ पॅटीवर सहादा आली आणि सहाही वेळा ड्रोब्नी त्याच्या हातून निसटला. संध्याकाळ उतरली, चेंडू दिसेनासा होऊ लागला, तेव्हा कोठे निकाल लागला. पण त्या विजयात ड्रोब्नीचा पाय दुखावला आणि उपांत्य फेरीत कर्ट नील्सन या मानांकन नसलेल्या डॅनिश खेळाडूने त्याला सहज हरविले. इतकी झुंज देऊन अखेर हाती काय आले, तर लंगडणारा पाय! तो काळ हौशी खेळाडूंचा होता, त्यामुळे हरलेल्यास बक्षिसाच्या रकमेचाही दिलासा नसे.

अशा वेळी एखाद्याने खेळ सोडला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. ड्रोब्नी पुन्हा आला. १९५४ च्या उपान्त्यपूर्व फेरीत त्याने ल्यू होडला आणि उपांत्य फेरीत त्याच बज पॅटीला हरविले. अंतिम सामन्याचे गुण होते १३-११, ४-६, ६-२, ९-७. अठ्ठावन्न गेम्सचा इतका लांबलेला अंतिम सामना विंबल्डनने तोवर पाहिला नव्हता. पहिल्या पाऊलापासून शेवटच्या चेंडूपर्यंत सोळा वर्षे गेली होती. प्रेक्षकांनी त्याचे जे स्वागत केले त्यात खेळाचे कौतुक होतेच, पण देश हरवलेल्या माणसाला आपलेसे करण्याचाही भाव होता.

त्याच वर्षी त्याच हिरवळीवर मुलांच्या स्पर्धेत सतरा वर्षांचा रामनाथन् कृष्णन् विजयी झाला, याची आठवण भारतीयांना झाल्यावाचून राहणार नाही. १९६० आणि १९६१ या दोन्ही वर्षी तो मोठ्यांच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. १९६२ साली त्याला चौथे मानांकन मिळाले, आणि नेमका तेव्हाच घोटा दुखावल्याने त्याला स्पर्धा सोडावी लागली.

ड्रोब्नीची कथा येथे संपविली तर ती फार सोयीची होईल. चिकाटी धरली की फळ मिळते, असे सांगणे सोपे असते. पण त्या दिवशी हरलेल्या मुलाचे काय झाले?

रोझवॉल १९५६ मध्ये पुन्हा विंबल्डनच्या अंतिम सामन्यात आला आणि आपल्याच मित्राकडून, ल्यू होडकडून, हरला. १९५७ पासून तो व्यावसायिक झाला आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे विंबल्डनचे दार त्याला बंद झाले. हे दार १९६८ साली उघडले. दरम्यान वयाची ऐन उमेदीची अकरा वर्षे गावोगावच्या तात्पुरत्या मैदानांवर खेळण्यात गेली होती. पस्तिसाव्या वर्षी, १९७० मध्ये, तो तिसऱ्यांदा अंतिम सामन्यात पोहोचला. जॉन न्यूकोंबने त्याला पाचव्या सेटमध्ये हरविले. १९७४ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्याने उपांत्य सामन्यात पहिले दोन सेट गमावूनही स्टॅन स्मिथवर मात केली. अंतिम सामन्यात एकवीस वर्षांच्या जिमी कॉनर्सने त्याचा अक्षरशः फडशा पाडला : ६-१, ६-१, ६-४. वीस वर्षांत चार अंतिम सामने आणि चारही पराभव. ऑस्ट्रेलिया, फ्रान्स आणि अमेरिका या तिन्ही देशांची अजिंक्यपदे ज्याने एकूण आठ वेळा जिंकली, त्याच्या नावावर विंबल्डनचे एकेरीचे विजेतेपद कधीच लागले नाही.

यात रोझवॉलची चिकाटी ड्रोब्नीहून कमी पडली असे म्हणण्यास कोणीही धजणार नाही. दोघांच्या प्रयत्नांत तसूभरही उणेपणा नव्हता; एकाला दान अनुकूल पडले, दुसऱ्याला पडले नाही, इतकेच. करंडक हाच जर खेळाच्या सार्थकतेचा पुरावा मानावयाचा, तर रोझवॉलची ती वीस वर्षे वाया गेली असे कबूल करावे लागेल. परंतु त्याचा तो खालून काप देऊन मारलेला बॅकहँड ज्यांनी पाहिला, त्यांना हे पटणे कठीण आहे. जन्माने डावखुऱ्या असलेल्या या मुलाला त्याच्या वडिलांनी उजव्या हाताने खेळावयास शिकविले होते. त्या हाताने अंगी बाणवलेले कौशल्य चाळिशीतही गंजले नाही, आणि ते रोज घासून लख्ख ठेवण्यातच या मनुष्याला काही असे लाभत असले पाहिजे, की जे विजेत्यांच्या यादीत लिहून ठेवता येत नाही.

कॉनर्सकडून झालेल्या त्या पराभवानंतरही तो खेळत राहिला. त्याने आपली शेवटची मोठी स्पर्धा जिंकली ती १९७७ च्या नोव्हेंबरात, हाँगकाँगमध्ये. त्या वेळी त्याला त्रेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती.