स्वाभिमान दाराबाहेर ठेवून

(पिंपरीतल्या युवक मेळाव्यात केलेले भाषण)



स्वाभिमान या शब्दाला स्टेजवर हमखास टाळ्या पडतात. मी आज घरातलं बोलणार आहे, तेव्हा टाळ्या राहू द्या.

गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ दहावीला गणितात गेला. शाळेत मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘तुम्हांला काय, सवलती आहेत.’ पोरगं घरी आलं. बाप चाकणला ठेकेदाराकडे. बारा तासांची पाळी, वर जाणंयेणं. कारखान्याला त्याचे बारा तास लागतात, पोराच्या वाट्याला त्याचं घोरणं येतं. आई चार घरची धुणीभांडी उरकून पडलेली. आणि मी? मी कार्यकर्ता! मोर्चाची पत्रकं काखेत मारून निघालो होतो. जाता जाता म्हणालो, ‘बाबासाहेबांचं नाव घालवलंस.’

मास्तरानं जातीवरून हाणलं, मी बाबासाहेबांच्या नावानं हाणलं. त्याला दोन्ही सारखंच लागलं. तीन दिवस तो धड जेवला नाही. भिंतीकडे तोंड करून पडायचा.

त्याला उठवलं दोन पोरांनी. एक त्याच्यासारखाच नापास, दुसरा भोसरीला गॅरेजात हाताखाली. उपदेश केला नाही. रोज संध्याकाळी यायचे, वडापाव खायला न्यायचे. मग एके दिवशी वहीच घेऊन आले. पुन्हा परीक्षेला बसले. भाऊ सुटला, दुसरा परत गेला. पण यावेळी भिंतीकडे तोंड करून कोणी पडलं नाही.

आता ज्यांचं नाव मी त्याच्या अंगावर फेकलं, त्यांचं घर बघा. परळच्या चाळीत एक खोली. रामजी सुभेदार पोराला लवकर झोपवायचे, रात्री दोनला अभ्यासाला उठवायचे, तोवर स्वतः जागे. पुस्तकाला पैसे नसले की लेकीकडून दागिना मागून आणायचे, गहाण टाकायचे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. मार्क किती? ७५० पैकी २८२. आजच्या हिशेबानं सदतीस टक्के! कोणी विचारलं नाही की एवढेच का. सत्काराची सभा भरली, सीताराम केशव बोले अध्यक्ष, आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र पोराच्या हातात ठेवलं. सोळा वर्षांच्या पोराच्या मागे बाप, बहिणी, वस्ती, परजातीचा मास्तरसुद्धा उभा होता. हे आपण जयंतीला सांगतो आणि घरी येऊन पोराला टक्के विचारतो.

सरकारनं २०२२ साली टेलिमानस काढलं, नंबर १४४१६. जीव नकोसा झालेल्या पोरानं तो जरूर फिरवावा, लाज कसली त्यात? पण फोन ठेवल्यावर तो त्याच दहा बाय दहात असतो, आणि तिथं आपण असतो.

२५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी आपल्या देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली. तिथं आपण दरवर्षी जातो. वस्तीतल्या विहाराला मात्र एरवी कुलूप. किल्ली कोणाकडे? माझ्याकडे. उद्या संध्याकाळी सातला ती त्या गॅरेजवाल्या पोराच्या हातात देणार आहे. वही असेल त्यानं वही घेऊन यावं, नसेल त्यानं नुसतं येऊन बसावं.