तालमीतील गुरूचे ऋण

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात बोर्ली पंचतन येथे दिलेले भाषण)



आपल्या संमेलनात दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो आणि त्या निमित्ताने शाळेतील गुरुजनांचे स्मरणही होते. ते योग्यच आहे. परंतु गुरूंचा आणखी एक वर्ग आहे. त्याने आपल्याला पाटीवर शिकविले नाही, मातीवर शिकविले. हातात लेखणी दिली नाही, काठी दिली. त्यास आपण वस्ताद म्हणतो. त्याचे नाव कोणत्याही प्रमाणपत्रावर नसते, म्हणून सत्काराच्या यादीतही ते येत नाही. आज या व्यासपीठावरून त्या गुरूविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. ती मी आनंदाने शिरोधार्य मानली आहे.

प्रथम या शब्दांचाच थोडा विचार करू. 'वस्ताद' हा शब्द आपण फारसीतील 'उस्ताद' या शब्दावरून घेतला आणि तो आपल्या तालमीत इतका रुळला की तो बाहेरचा आहे, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. उलट, आपला 'गुरू' हा शब्द समुद्र ओलांडून मलाया द्वीपसमूहात गेला आणि तेथून फिलिपाइन्स बेटांत पोहोचला. तेथील तागालोग भाषेत शिक्षकाला आजही 'गुरो' म्हणतात. त्या बेटांत वेताच्या काठीचे एक जुने युद्धतंत्र आहे. त्यास आर्निस किंवा एस्क्रिमा अशी नावे असून, २००९ साली त्या देशाने कायदा करून आर्निसला आपला राष्ट्रीय खेळ ठरविले. काठीची विद्या सांगणाऱ्याला तेथे 'गुरो' म्हणावे आणि येथे 'वस्ताद' म्हणावे, हा देवघेवीचा योग मोठा मनोहर आहे. विद्येला सीमा नसते, याचे याहून साधे प्रमाण कोणते द्यावे?

त्या देशातील रेमी प्रेसास या गुरूची एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. त्यांचा जन्म १९३६ चा आणि मृत्यू २००१ चा. जुन्या पद्धतीत प्रतिपक्षाच्या काठी धरलेल्या हातावरच प्रहार करीत. त्यामुळे सरावातच बोटे मोडत आणि पुष्कळ तरुण ही विद्या सोडून जात. प्रेसास यांनी सरावात काठीवर काठी मारण्याचा प्रघात रूढ केला. विद्या तीच, तिची धारही तीच. पण शिकणाऱ्याचा हात शाबूत राहिला आणि विद्येचा प्रसार देशोदेशी झाला. शिष्याच्या शरीराची काळजी वाहणे हे गुरुत्वाचे पहिले लक्षण होय. आपल्याकडील फरीगदग्याचे मर्म याहून निराळे नाही. तलवारीचे हात शिकावयाचे, परंतु हाती तलवारीऐवजी कातडे मढविलेला गदगा आणि दुसऱ्या हाती ढालीऐवजी फरी. बोथाटीच्या टोकाला पात्याऐवजी गोळा असतो, तोही याच हेतूने. ज्या कोणा अज्ञात वस्तादाने हे प्रथम योजिले, त्याच्या मनात शिष्याविषयी माया असली पाहिजे.

आता आपल्या मराठी मुलुखाकडे वळू. प्रथम स्मरण करावयाचे ते बडोद्याचे. गायकवाडांच्या त्या राजधानीत जुम्मादादा या नावाचे एक मुसलमान वस्ताद होऊन गेले. त्यांचे पट्टशिष्य म्हणजे प्रोफेसर माणिकराव. श्रीमंत सयाजीरावांच्या राज्यात ज्यांना 'राजरत्न' ही पदवी मिळाली, तेच हे. जुन्या आखाड्यात वस्ताद एकेका शिष्याला समोर घेऊन शिकवीत असे; त्यामुळे विद्या खोल जाई, पण फार थोड्यांपर्यंत पोहोचे. माणिकरावांनी त्याच विद्येस सांघिक रूप दिले. शेकडो मुलांना एका वेळी, एका तालावर, आपल्याच देशी भाषेतील आज्ञांवर व्यायाम देण्याची पद्धती त्यांनी बसविली. इंग्रजी कवायतीचा दरारा सर्वत्र असताना हे करणे लहानसहान धैर्याचे काम नव्हते. मोडलेले हाड आणि निखळलेला सांधा बसविण्यातही त्यांचा हातखंडा होता. शरीर घडविणाऱ्या माणसाला ते दुरुस्तही करता आले पाहिजे, ही तालमीची जुनी रीत त्यांनी राखली.

परंतु माणिकरावांच्या थोरवीचे खरे गमक मला अन्यत्र दिसते. ज्या संस्थेला त्यांनी साऱ्या हिंदुस्थानात नावलौकिक मिळवून दिला, ती त्यांच्या स्वतःच्या नावाने ओळखली गेली नाही. ती 'श्री जुम्मादादा व्यायाममंदिर' या नावानेच ओळखली गेली. हिंदू शिष्याने मुसलमान गुरूच्या नावामागे 'श्री' आणि पुढे 'मंदिर' हा शब्द लावावा, आणि त्यात कोणाला काही विपरीत वाटू नये, हा त्या तालमीच्या मातीचा गुण होय. आपल्याकडे देणगीदाराचे नाव संगमरवरावर येते. तेथे गुरूचे नाव संस्थेवर आले.

याच व्यायाममंदिरात १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा एक तरुण माणिकरावांच्या हाताखाली तयार झाला. डभोई येथे १८८३ साली जन्मलेला हा तरुण पुढे मालसरच्या परमहंस माधवदासजींकडे योगविद्या शिकला आणि स्वामी कुवलयानंद या नावाने जगाला परिचित झाला. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. आसने आणि प्राणायाम यांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, हे क्ष-किरणे आणि शरीरशास्त्राची उपकरणे यांच्या साहाय्याने पारखण्याचा उपक्रम त्यांनी आरंभिला व 'योगमीमांसा' या नियतकालिकातून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९६६ साली त्यांचे निधन झाले. लक्षात घ्या, जुम्मादादांच्या आखाड्यातून निघालेली ही परंपरा दोन पिढ्यांत प्रयोगशाळेपर्यंत पोहोचली. शिष्याने गुरूचीच वाट चालावी असे नाही. गुरूने दिलेले बळ घेऊन त्याने नवी वाट पाडावी, यातच गुरूचा विजय आहे.

दुसरे स्मरण पुण्याचे. १७९४ साली जन्मलेले आणि १८८१ साली दिवंगत झालेले लहूजी राघोजी साळवे हे पुण्याच्या गंजपेठेत तालीम चालवीत. ते मांग समाजाचे. त्यांच्या तालमीत तयार झालेल्यांत महात्मा जोतीराव फुले हे एक होते. दांडपट्टा आणि निशाणबाजी आपण लहूजीबुवांकडे शिकलो, हे जोतीरावांनी 'गुलामगिरी' या १८७३ च्या ग्रंथात नमूद करून ठेविले आहे. ज्या काळी मांगाची सावली टाळली जात होती, त्या काळी माळी समाजातील एक तरुण त्याच्यापुढे शिष्य म्हणून उभा राहिला, आणि मोठा झाल्यावर ते छापून सांगण्यात त्याला भूषण वाटले. फुल्यांचे धैर्य आपण पुष्कळदा वाखाणतो. ते धैर्य ज्या पायावर उभे होते, त्या पायाचे पवित्रे कोणी शिकविले, हेही आपण विसरू नये.

सज्जनहो, थोरांच्या गोष्टी झाल्या. आता आपल्या किनाऱ्याविषयी. माझ्या पिढीतील पुष्कळांना या परिसरातील एका वृद्ध वस्तादांनी लाठी शिकविली. त्यांचे नाव भरसभेत घेऊ नये, अशी त्यांच्या घरच्यांची इच्छा असल्यामुळे मी ते घेत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या ओठांवर ते आलेच असेल. दिवसा ते सुपारीच्या वाडीत राबत आणि तिन्हीसांजेस सारवलेल्या खळ्यात मुलांना घेऊन उभे राहत. भरीव वेळूची काठी, तिला खोबरेलाचा हात, आणि प्रथम भूमीला वंदन. पहिले तीन महिने काठी फिरवावयास मिळतच नसे, केवळ पवित्रे. 'पाय चुकला की हात खोटा पडतो,' असे ते म्हणत. उतावळ्या मुलाची काठी भलतीकडे जाऊ लागली, तर समोरच्या मुलास लागू नये म्हणून तो फटका ते आपल्या मनगटावर घेत, आणि रागावण्याऐवजी पुन्हा पहिल्या पवित्र्यापासून आरंभ करावयास सांगत. पडलेल्यावर जो काठी उगारील, त्याने आठ दिवस खळे झाडावे, असा त्यांचा दंडक होता. मोबदला म्हणाल, तर गुरुपौर्णिमेस एक नारळ. तोही फोडून सर्वांस वाटला जाई.

त्या खळ्यात आपल्या ज्ञातीची मुले होती, तशीच इतरही होती. कोळ्यांची होती, कुणब्यांची होती, शेजारच्या मोहल्ल्यातीलही होती. ओळीत उभे करताना वस्ताद उंची पाहत, आडनाव पाहत नसत. त्या मुलांतील बहुतेक पुढे मुंबईस गेले. कोणी गिरणीत लागले, कोणी गोदीत, कोणी कचेरीत. चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत लाठी फिरत नाही. ती माळ्यावर पडून राहिली, आणि तिच्याबरोबर तिचे हातही पडून राहिले. आज वस्ताद नाहीत. त्यांचे कितीतरी हात आता आम्हा दोघा-चौघांच्या खांद्यांतच उरले आहेत, आणि ते खांदेही आता दुखू लागले आहेत.

कोणी विचारील की, आजच्या काळी लाठीचा उपयोग काय? याचे उत्तर देण्यासाठी मला इतिहासात जावे लागत नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आपल्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. पिढ्यान् पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली, वाटा बुजल्या, वीज गेली. त्या वेळी उपयोगी पडले ते अंगातील बळ, आणि दहाजणांनी एका तालावर एक ओंडका उचलण्याची सवय. शेजाऱ्याच्या छपरावर चढताना कोणी त्याची जात विचारली नाही. बलोपासनेचे प्रयोजन हाणामारी नव्हे. अडचणीच्या दिवशी दुसऱ्याच्या उपयोगी पडता यावे, हे आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. संघाच्या सभागृहामागील मोकळ्या जागेत तालीम काढावी, असा प्रस्ताव कार्यकारी मंडळापुढे आहे. तो सर्वांना मान्य आहे असे दिसते. वाद आहे तो एवढाच की, ती केवळ ज्ञातीतील मुलांसाठी असावी की सर्वांसाठी खुली असावी. पैसा ज्ञातीचा, जागा ज्ञातीची, तेव्हा लाभही ज्ञातीचाच असावा, हे म्हणणे ऐकावयास न्याय्य वाटते, आणि ते मांडणाऱ्यांच्या कळकळीविषयी मला शंका नाही. शिष्यवृत्तीच्या बाबतीत ते मलाही मान्य आहे, कारण तो निधी वाटल्याने कमी होतो. परंतु विद्येचा हिशेब निराळा आहे. ती वाटल्याने वाढते आणि कोंडल्याने मरते. ज्या विद्येने आपल्याकडे येताना ज्ञातीचा उंबरठा मानला नाही, तिला पुढे जाताना आपण तो आडवा घालावा काय? आपल्या वस्तादांनी खळ्यास कुंपण घातले असते, तर आमच्यापैकी काहीजण आतही आले नसते. शिवाय व्यवहारही पाहा. गावी राहणारी आपली मुले आता बोटांवर मोजण्याइतकी आहेत. एकट्या ज्ञातीच्या बळावर लाठीच्या दोन ओळीही समोरासमोर उभ्या राहणार नाहीत.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, तालीम सर्वांस खुली असावी, आणि मुलींस मुलांच्या बरोबरीने प्रवेश असावा. दुसरी, ज्यांना जुने हात येतात त्यांनी ते लिहून व चित्रित करून ठेवावेत. बडोद्यास आबासाहेब मुजुमदारांनी 'व्यायाम-ज्ञानकोशा'चे दहा खंड सिद्ध केले, म्हणून आज कितीतरी विस्मृतप्राय प्रकारांची माहिती आपणांस मिळते. आपणांस दहा खंड नकोत. चाळीस पानांची एक वही पुरे. या कामी मी स्वतः येत्या मे महिन्यात, चाकरमानी मंडळी गावी येतील तेव्हा, रोज सायंकाळी येथे हजर राहीन. तिसरी विनंती अशी की, तालमीस कोणत्याही देणगीदाराचे नाव देऊ नये. आपल्या वस्तादांच्या घरच्यांची संमती मिळाल्यास त्यांचेच नाव द्यावे. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. माणिकरावांनी जे केले, ते आपणांस का करता येऊ नये?

गुरूचे ऋण फिटत नाही, असे आपण नेहमी म्हणतो. ते गुरूस परत करता येत नाही, हे खरेच. पण ते पुढच्यास देता येते. हा निर्णय आता सर्वसाधारण सभेच्या हाती आहे. मतदानाला उभे राहण्यापूर्वी आपण आपापल्या वस्तादाचे एकवार स्मरण करावे, एवढीच प्रार्थना आहे.

जय हिंद.