सिग्नलला गाडी ‘डी’त की ‘एन’मध्ये?



क्लचची गाडी देऊन ऑटोमॅटिक घेतली की पहिले काही दिवस डावा पाय रिकामा बसतो आणि डावा हात मात्र स्वस्थ बसत नाही. सिग्नल लाल झाला की हात लिव्हरवर जातो आणि गाडी ‘डी’तून, म्हणजे ड्राइव्हमधून, ‘एन’मध्ये, म्हणजे न्यूट्रलमध्ये येते. यात नवल काही नाही. ‘थांबलात की न्यूट्रल करा’ हे ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी शेजारी बसून घोटून घेतलेलं असतं. त्या गाडीत ते योग्यच होतं. क्लच दाबून ताटकळत राहिलं की क्लचचं बेअरिंग झिजतं, आणि पाय निसटला तर गाडी पुढच्याच्या अंगावर जाते.

ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं पेडलच नाही. मग न्यूट्रल करायचं की नाही? मिनिट-दीड मिनिटाच्या सिग्नलला करू नये, असं माझं मत. गाडी ‘डी’त राहू द्यावी आणि ब्रेक पक्का दाबून धरावा. मात्र याचं कारण सगळ्या गाड्यांत एकच नाही, कारण शोरूममध्ये ‘ऑटोमॅटिक’ म्हणून जे विकलं जातं त्यात निरनिराळी यंत्रं असतात.

जुनी आणि अजूनही दणकट मानली जाणारी जात टॉर्क कन्व्हर्टरची. फोटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं, तेही मोटारीसाठी नव्हे, जहाजासाठी. यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. डेऱ्यात रवी घुसळली की ताक गरगरतं. त्याच ताकात दुसरी रवी मोकळी सोडली तर तीही फिरू लागेल. ती हाताने धरून ठेवली तर मोडणार नाही, ताक तिच्याभोवती फिरत राहील आणि जरासं कोमट होईल, इतकंच. ‘डी’त ब्रेक दाबून उभ्या असलेल्या गाडीत नेमकं हेच चाललेलं असतं. तेल थोडं तापतं, पण इंजिन आयडलवर असताना ती उष्णता किरकोळ असते आणि कूलर ती सहज ओढून घेतो. ‘डीत उभी केली तर गिअरबॉक्स जाते’ ही भीती म्हणूनच फोल आहे.

उलट दर सिग्नलला ‘एन’ केलं की प्रत्येक वेळी आतले क्लच सुटतात आणि पुन्हा तेलाच्या दाबाने चिकटतात. तेही त्यांना सोसतं. सोसत नाही ती त्यापुढची गोष्ट. सिग्नल हिरवा होतो, मागचा हॉर्नवर हात ठेवूनच बसलेला असतो. आपण घाईत ॲक्सिलरेटर देतो, गाडी जागची हलत नाही, इंजिन नुसतं बोंबलतं. मग लक्षात येतं आणि त्याच वाढलेल्या आरपीएमवर लिव्हर ‘डी’त ओढली जाते. गाडीला जो हिसका बसतो, तो गिअरबॉक्सलाही बसतो.

आता एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून ती आपल्याकडे आली आणि स्वस्तातली ऑटोमॅटिक म्हणून घरोघर पोचली. आतून ही आपली नेहमीचीच क्लच-गिअरची गाडी. फक्त क्लच दाबायला पायाऐवजी यंत्र ठेवलेलं. ब्रेक पूर्ण दाबला की ते यंत्र क्लच सोडवून ठेवतं. म्हणजे तुम्ही ‘एन’ करून जे साधू पाहता, ते गाडीने आधीच केलेलं असतं. ड्युअल क्लचवाल्या महागड्या गाड्यांतही बहुधा तेच. या दोन्हींचा खरा शत्रू आहे अर्धवट ब्रेक. पुढची गाडी वीतभर सरकली की आपणही वीतभर सरकायचं, ब्रेकवर पाय नुसता टेकवून. त्या रांगण्यात क्लच घासत राहतो. त्याहून वाईट म्हणजे उड्डाणपुलाच्या चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरच्या आधाराने गाडी तोलून धरणं. थोड्याच वेळात जळकट वास येतो आणि आपण काच खाली करून शेजारच्या ट्रककडे संशयाने पाहतो. वास आपल्याच क्लचचा असतो. पुढे गाडीभर जागा होईपर्यंत थांबावं आणि मग एकदम जावं.

गंमत म्हणजे आपल्याकडे बिनगिअरची सवय जिने लावली, त्या कायनेटिक होंडाच्या बाबतीत हा प्रश्न कुणाला पडला नाही. १९८४ साली आलेल्या त्या स्कूटरला न्यूट्रल नव्हतंच. वेग उतरला की तिचा क्लच आपोआप सुटायचा.

‘एन’ केल्याने पेट्रोल वाचतं का? टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत ‘एन’ केल्यावर इंजिनावरचा भार थोडा हलका होतो, हे खरं. पण एसी लावून उभी असलेली छोटी गाडी तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पिते. नव्वद सेकंदांचे झाले बारा ते पंचवीस मिलिलिटर, आणि ‘एन’मुळे त्यातला काही अंशच वाचणार. वाचवायचंच असेल तर इंजिन बंद करा. दिल्लीत २०२० मध्ये ‘रेड लाइट ऑन, गाडी ऑफ’ ही मोहीम झाली, तिचा रोख इंजिनावर होता, लिव्हरवर नव्हे. पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेली स्ट्राँग हायब्रिड गाडी असेल तर मात्र जपा. हायक्रॉस, हायरायडर यांच्यासारख्या गाड्यांत ‘एन’मध्ये बॅटरी चार्ज होत नाही. गर्दीत दर सिग्नलला ‘एन’ करणारा माणूस हायब्रिडचे जादा पैसे भरून तिलाच उपाशी ठेवतो.

रेल्वे फाटक पडलंय, पाच-दहा मिनिटांची निश्चिंती आहे, तिथे गोष्ट वेगळी. पाय अवघडला की ब्रेक नकळत ढिला होतो आणि ‘डी’तली गाडी हळूच पुढे निघते. तिथे आधी हँडब्रेक, मग ‘एन’, आणि मग ब्रेकवरचा पाय काढावा. रात्री मागच्याच्या डोळ्यांवरचे आपले लालभडक दिवेही त्याने विझतात. ‘पी’, म्हणजे पार्किंग, शक्यतो नको. ‘पी’तून ‘डी’त येताना लिव्हर ‘आर’वरून जाते, क्षणभर रिव्हर्सचा पांढरा दिवा लागतो आणि मागचा दुचाकीवाला दचकतो.

घाटात मात्र न्यूट्रलचं नावही काढू नका, गाडी कोणतीही असो. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा अपघातांचा उतार पुणेकरांना वेगळा सांगायला नको. इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनाचा फवारा बंद होतो आणि चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे बचत तर नाहीच, वर इंजिनाचा अटकाव गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर, आणि ते तापले की पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. उतारावर ‘एल’ किंवा ‘एस’ घ्या, नाहीतर मॅन्युअलवर टाकून खालचा गिअर धरा.

मग ‘एन’ ठेवलाय कशासाठी? धावत्या गाडीत मॅट अडकून ॲक्सिलरेटर दबलेलाच राहिला तर इंजिन चाकांपासून तोडायला. ‘डी’तून ‘एन’मध्ये येताना बहुतेक लिव्हरना बटण दाबावं लागत नाही, ते यासाठीच. आणि गाडी ढकलायला. आपल्या सोसायट्यांत गाडीमागे गाडी लावून ती न्यूट्रलमध्ये सोडायची पद्धत आहे. ऑटोमॅटिकवाल्यांची तिथे पंचाईत होते, कारण कित्येक गाड्यांची किल्ली ‘पी’त आल्याशिवाय निघतच नाही. अशा पुष्कळ गाड्यांत लिव्हरच्या बाजूला नखाएवढं झाकण असतं. ते उचकटून आतलं बटण किल्लीच्या टोकाने दाबलं आणि ब्रेकवर पाय ठेवला की बंद गाडीतही लिव्हर ‘पी’तून ‘एन’वर येते. जागा सपाट आहे ना हे पाहा, चाकाला दगड लावा, आणि ते झाकण कुठे आहे हे वॉचमनला एकदा दाखवून ठेवा.