वाटा काढून घ्यायची घाई

भाकऱ्या उरकल्या का? नसतील उरकल्या तर रेडिओ चुलीजवळ घ्या, कारण आज जरा लांबच्या देशाचं सांगायचं आहे.

गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीत एकीने मोबाइल पुढे केला. त्यात एक माणूस छातीठोकपणे सांगत होता, की जातीधर्माच्या भांडणात थोड्याच वर्षांत आपल्या देशाचे तुकडे होणार. बायका गप्प झाल्या. मग मागून कुणीतरी म्हणालं, "देशच टिकत नाही म्हणतात, मग आपला गट काय टिकतोय!" सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. त्याच आठवड्यात वरच्या वस्तीतल्या चौघींचे अर्ज माझ्याकडे आले होते. आमची बचत परत द्या, म्हणून. का, असं विचारलं तर चौघींचं उत्तर एकच. "ताई, पंचायतीची निवडणूक लागली की गट फुटणारच आहे म्हणतात. मग आधी निघालेलं बरं."

कोण म्हणतं, ते एकीलाही सांगता आलं नाही.

बी.ए.ला माझा इतिहास होता. युगोस्लाव्हिया नावाचा देश मी तेव्हा परीक्षेपुरता पाठ केला होता. त्या रात्री तो पुन्हा वाचायला घेतला.

हा देश युरोपात होता. सहा राज्यं मिळून एक देश. सर्ब, क्रोएट, बोस्नियाचे मुसलमान यांची बोली एकमेकांना सहज समजायची, लिप्या मात्र दोन. सारायेव्हो शहरात एकाच जिन्यावर तिन्ही धर्मांची बिऱ्हाडं असायची, आपसांत लग्नंही व्हायची. १९८१च्या जनगणनेत बारा लाखांवर लोकांनी जमात विचारल्यावर नुसतं 'युगोस्लाव' असं लिहून दिलं. म्हणजे एकत्र राहणं त्यांना जमत नव्हतं असं नाही.

टिटो नावाचे नेते होते, तोवर धाक होता. ते जिवंत असतानाच लोक म्हणायचे, हे गेले की देश फुटणार. १९८० साली ते गेले. पुढे आठ जणांचं मंडळ नेमलेलं होतं आणि अध्यक्षपद दरवर्षी फिरायचं. आपल्या नियमात आहे तसंच! देश दहा वर्षं चालला, पण कर्ज वाढलं आणि महागाई तर अशी, की पगार हातात पडेपर्यंत त्याची किंमत उतरलेली असायची. १९९०च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने आपल्या सरकारला लिहून दिलं, की हा देश वर्षभरात चालेनासा होईल आणि दोन वर्षांत बहुधा मोडेल. पुढच्या महिन्यात ते वर्तमानपत्रातही आलं.

आणि तसंच झालं. पण त्यांनी काही पत्रिका मांडली नव्हती. गावात कोण कुठला बांध कोरतंय हे ज्याला दिसतं, तो भांडण कधी होणार ते सांगू शकतो, तसं ते होतं.

बांध कसा कोरला ते ऐका. सर्बियाचे नेते मिलोशेविच. त्यांनी दोन स्वायत्त प्रांतांचे अधिकार काढून घेतले, एका शेजारच्या राज्यात आपली माणसं बसवली, आणि मंडळातली आठपैकी चार मतं एकट्याच्या मुठीत आणली. आता स्लोव्हेनिया, क्रोएशियाच्या लोकांना बाहेर पडावंसं वाटलं, तर त्यांचं सगळंच चुकलं असं मला म्हणवत नाही. पुढची गोष्ट निवडणुकीची. १९९० साली अनेक पक्षांच्या निवडणुका झाल्या, पण प्रत्येक राज्याची वेगळी. साऱ्या देशाची एकत्र निवडणूक झालीच नाही. प्रत्येक वस्तीने आपापला पुढारी निवडला आणि सगळ्यांची मिळून बैठक कधी भरलीच नाही, असं समजा.

मग तिजोरी. ही गोष्ट वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. १९९०च्या डिसेंबरअखेर सर्बियाच्या विधानसभेने गुपचूप ठराव केला आणि देशाच्या मध्यवर्ती बँकेला न विचारता सुमारे दीड अब्ज डॉलरच्या मोलाचा पैसा उचलला. जानेवारीत ते उघडकीला आलं. बायांनो, खतावणीत नोंद न करता एकीने पेटीतून रक्कम काढली, तर पुढच्या महिन्यात हप्ता कोण भरेल? सहा महिन्यांत, २५ जून १९९१ला, स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने आपण वेगळे झालो असं जाहीर केलं. लढाई सुरू झाली.

त्या जुलैमध्ये फौजेत गेलेल्या पोरांच्या आया-बाप सर्बियाच्या विधानसभेत घुसले, आमची मुलं परत द्या म्हणून. ऑक्टोबरपासून बेलग्रेडच्या चौकात काही बायका दर आठवड्याला काळे कपडे घालून नुसत्या उभ्या राहू लागल्या. लोक त्यांच्यावर थुंकले, शिव्या दिल्या. त्या उभ्याच राहिल्या. १९९२च्या ५ एप्रिलला सारायेव्होत हजारो लोक शांततेसाठी रस्त्यावर आले. एका पुलावर गोळीबार झाला आणि दोन बायका मेल्या. सुआदा मुसलमान घरातली, डॉक्टरकी शिकणारी. ओल्गा क्रोएट. त्या पुलाला आज दोघींची नावं आहेत. नंतर शहराला जवळजवळ चार वर्षं वेढा पडला होता. बोस्नियात लाखभर माणसं गेली, वीस लाखांच्या आसपास घरादाराला मुकली.

आपल्या देशाबद्दलही अशी भाकितं झालीच की. १९६७ साली लंडनच्या 'टाइम्स'च्या वार्ताहराने लिहिलं होतं, की भारताची ही चौथी निवडणूक शेवटचीच ठरेल. आपल्याकडेही भाषेवरून रान पेटलं होतं, मुंबईसह महाराष्ट्र मागताना माणसं गोळीबारात गेली. पण १ मे १९६०ला राज्य मिळालं. मागणाऱ्यांचं ऐकलं गेलं, आणि देशाची मतपेटी एकच राहिली.

हे वाचून झाल्यावर मी आमच्या गटाची वही उघडली. गेल्या वर्षात अकरा कर्जं दिली. वरच्या वस्तीला किती? दोन. अध्यक्षा खालच्या वस्तीतली, सचिवही तिथलीच, आणि अध्यक्षपद फिरवायचं तर आम्ही तीन वर्षं विसरलोय. वही दर महिन्याला मीच तपासते. माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही. त्या चौघींना दिसलं होतं, फक्त बोलता येत नव्हतं, म्हणून त्या 'फुटणार म्हणतात' असं म्हणत होत्या.

पैसे त्यांचे आहेत, हवे तर मिळतील, हे मी घरी जाऊन सांगून आले. आणि अकरा-दोनचा हिशेबही त्यांच्यासमोर ठेवला. एक म्हणाली, "मग आजवर का नाही बोललात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

येत्या मंगळवारी बैठक आहे. पहिला विषय अध्यक्षपदाचा, दुसरा कर्जाच्या क्रमाचा. चौघींपैकी तिघी येते म्हणाल्यात. चौथीने अजून काही कळवलेलं नाही.